माझ्याकडे दोन भाऊ आहेत

‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत.’ या वाक्यात व्याकरणाची चूक काढता येत नाही. शब्द मराठी, प्रत्यय मराठी, क्रियापद अनेकवचनात, सगळं जिथल्या तिथं. पण लातूरच्या गंजगोलाईत कुणाला हे वाक्य ऐकवून बघा. समोरचा विचारेल, ‘का बरं? त्यांचं घर कुठं गेलं?’ कारण ‘माझ्याकडे’ म्हटलं की ते भाऊ माझ्या घरी राहायला आलेत, नाहीतर माझ्या हाताखाली कामाला आहेत. सख्खे भाऊ असतात ते ‘मला’. मला दोन भाऊ आहेत.

हे वाक्य मला सापडलं ते इंग्रजी शिकवणाऱ्या झेरॉक्स नोट्समध्ये. नांदेडला मी बारावीच्या पुढच्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. दरवर्षी जुलैत कुणी ना कुणी आधीच्या क्लासच्या नोट्स घेऊन येतं, आणि त्यात एक चौकट ठरलेली असते: ‘हॅव, हॅज म्हणजे च्याकडे, च्याजवळ असणे’. खाली उदाहरणं. आय हॅव अ पेन, माझ्याकडे पेन आहे. आय हॅव टू ब्रदर्स, माझ्याकडे दोन भाऊ आहेत. आय हॅव अ फीवर... इथं लिहिणाऱ्याचा हात अडखळलेला दिसतो. ‘माझ्याकडे ताप आहे’ असं त्याला लिहवत नाही. मग गुपचूप ‘मला ताप आहे’ लिहून पुढं सरकलेला असतो.

त्या अडखळण्यावर एक अख्खा धडा व्हायला हवा होता. इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या या सगळ्या साहित्यावर माझा मुख्य आक्षेप तोच आहे. त्यातलं इंग्रजी कच्चं आहे अशी तक्रार नेहमीच होते. मला त्यातलं मराठी कच्चं वाटतं.

एखादी गोष्ट कुणाची तरी असणं, हे मराठी एका क्रियापदात कोंबत नाही. ती त्याची वाटणी करते. जे अंगाला चिकटलेलं आहे, बाजूला काढून ठेवता येत नाही, त्याला ‘ला’: मला बहीण आहे, गाईला शिंगं आहेत, घराला दोन दारं आहेत, मला चहाची सवय आहे, मला ताप आहे. जे या घडीला हाताशी, खिशात, पिशवीत आहे त्याला ‘जवळ’ किंवा ‘पाशी’: माझ्यापाशी पाचशेची नोट आहे. जे ताब्यात किंवा वापरात आहे त्याला ‘कडे’: गाडी माझ्याकडे आहे, पण उद्या परत द्यायची आहे. आणि मालकी सांगायची तर ‘चा-ची-चं’: गाडी माझी आहे. शाळेत न गेलेली आजीसुद्धा यात कधी चुकत नाही. लातूरच्या क्लासच्या गल्लीतले एखादे सर ‘माझ्याकडे चारशे मुलं आहेत’ म्हणतात आणि घरी आल्यावर ‘मला दोन मुलं आहेत’ म्हणतात. दोन्ही वाक्यांत मुलंच आहेत, पण गोंधळ कुणाचाच होत नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण जमिनीचं. सोयरिकीच्या बैठकीत ‘पोराकडं किती रान आहे?’ असं सहसा कुणी विचारत नाही. विचारतात, ‘पोराला रान किती?’ उत्तर येतं, ‘सहा एकर हाय, कोरडवाहू.’ जमीन ही एरवी विकता येणारी, गहाण टाकता येणारी वस्तू. पण व्याकरणात ती पेनाच्या आणि मोबाइलच्या ओळीत बसत नाही, भावाच्या आणि तापाच्या ओळीत बसते. ‘त्याच्याकडं सहा एकर आहे’ असंही म्हणतात, पण तेव्हा एक शंका उरते: स्वतःची, की बटईनं केलेली?

ही वाटणी एकट्या मराठीची नाही. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात तेलुगू घराघरांत आहे, आणि देगलूर-उदगीरकडे कन्नड. तेलुगूत दोन थोरले भाऊ असले की ‘नाकु’, म्हणजे ‘मला’; पैसे असले की ‘ना दग्गर’, म्हणजे ‘माझ्याजवळ’. कन्नडमध्ये तसंच ‘ननगे’ आणि ‘नन्न हत्तिर’. हिंदी-उर्दू मात्र भावासाठी षष्ठी वापरते, ‘मेरे दो भाई हैं’; तापासाठी ‘मुझे’ आणि पैशासाठी ‘मेरे पास’. म्हणजे भावंडांच्या बाबतीत आपली मराठी हिंदीला सोडून तेलुगू-कन्नडच्या पंगतीला बसली आहे. देगलूरच्या बाजारात दुकानदार एका तासात चारही भाषा बोलतो आणि यातला प्रत्येक फरक पाळतो. त्याच्याच मुलाला क्लासमध्ये सांगतात, की ‘हॅव’ म्हणजे ‘कडे’.

आता मुलांच्या चुका बघा. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स.’ ‘माय टू ब्रदर्स आर देअर.’ ‘टू मी फीवर इज देअर.’ ‘आय अ‍ॅम ऑफ नांदेड.’ यातली एकही चूक आळसातून आलेली नाही. मराठी वाक्यात ‘आहेत’ ठळक ऐकू येतं, म्हणून मूल ‘आर’ शोधतं. ‘आहे’ला ‘अ‍ॅम’ हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि सरांनी ‘हॅव’ सांगितलंय. दोघांनाही खूश करायचं तर ‘अ‍ॅम हॅविंग’. निदान मला तरी या ‘हॅविंग’चा उगम असाच दिसतो. ‘आय अ‍ॅम ऑफ नांदेड’ तर मला चूक म्हणून खोडतानाही आवडतं. ‘मी नांदेडचा’ या मराठी वाक्यात गाव माणसाचं मालक आहे. इंग्रजी तिथं ‘फ्रॉम’ लावते, म्हणजे माणूस गावातून निघाला. एकाच गोष्टीकडे बघण्याच्या या दोन तऱ्हा आहेत, आणि मुलाला त्या दोन्ही कुणीतरी दाखवायला हव्यात. लाल शाईनं गोल करून त्या दिसत नाहीत.

या ‘इंग’ला हसण्याची आपल्याकडे परंपराच आहे. निस्सीम इझिकेल यांची ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही कविता तिच्यावरच उभी आहे. ती चांगली कविता आहे. पण तिच्यावर हसणारा वाचक सहसा ज्यांच्या घरात इंग्रजी आधीपासून आहे अशांतला असतो. आमच्या मुखेड-कंधारच्या मुलीला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही. ती मुलाखतीत तेच बोलते आणि समोरच्यांच्या ओठांचे कोपरे हललेले तिला दिसतात. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. तेव्हा पहिलीत बसलेली मुलं आता तिशीच्या पुढं आहेत. दहा-बारा वर्षं हा विषय शिकूनही ‘तुझ्या घरी कोण कोण आहे?’ या पहिल्याच प्रश्नाला घाम फुटतो. नेमका हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो, आणि त्याचं उत्तर ‘हॅव’नं सुरू होतं.

यावर हल्ली एक तोडगा फार खपतो: मराठीत विचारच करू नका, थेट इंग्रजीत विचार करा. रीलमध्ये हा सल्ला छान दिसतो. सतरा वर्षं मराठीत जगलेल्या मुलीला तो देणं म्हणजे तिला गप्प बसवणं. एके काळी घराघरांत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला होत्या. मराठी वाक्यावरून इंग्रजी, इंग्रजीवरून मराठी, असा दोन्ही बाजूंनी घाम गाळायला लावणारी ती पद्धत. आज तिची टर उडवली जाते. ती कंटाळवाणी होती हे खरंच. पण भाषांतर करायला बसलं की मराठी वाक्याकडं निरखून बघावंच लागतं, ही तिची जमेची बाजू होती. क्लासच्या चौकटीनं भाषांतर ठेवलं आणि तेवढं बघणं काढून टाकलं.

थोडा दोष आपल्या शालेय मराठी व्याकरणाचाही आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६चं, मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चं. ती मोठी कामं. पण शाळेपर्यंत त्यातून जे झिरपलं ते विभक्तीचं कोष्टक: चतुर्थीचे प्रत्यय स, ला, ते, षष्ठीचे चा, ची, चे. कोष्टक प्रत्ययापासून निघतं आणि अर्थाकडं जातं. ‘आपल्याला काहीतरी असणं’ या अर्थापासून निघालो तर तो ‘ला’मध्ये थोडा, ‘चा’मध्ये थोडा आणि ‘कडे, जवळ’ या शब्दयोगी अव्ययांमध्ये थोडा, असा तीन प्रकरणांत विखुरलेला. मुलगी तिन्ही प्रकरणं पाठ करते. आपल्याला घरी बसून हे सगळं आधीच येत होतं, हे मात्र तिला कुठलंच प्रकरण सांगत नाही.

आता ‘हॅव’कडे वळू. हे क्रियापद मुळात ‘पकडणे’ या अर्थाच्या धातूतून आलंय. लॅटिनमधलं ‘कापेरे’, म्हणजे धरणे, हे त्याच घराण्यातलं. आपला ‘कब्जा’ अरबीतून आला, आणि त्याचाही मूळ अर्थ मुठीत धरणं हाच. इंग्रज माणूस म्हणजे सर्दीवरही कब्जा करून बसलेला, बहिणीवरही, दुपारच्या जेवणावरही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९६०च्या एका लेखात दाखवलं, की ‘असणे’ आणि ‘बाळगणे’ ही दोन वेगळी टोकं नाहीतच. ‘हॅव’ म्हणजे ‘मला आहे’ हेच वाक्य उलटं फिरवलेलं. जगातल्या कितीतरी भाषा आपल्यासारखंच ‘मला आहे’ म्हणतात. जुन्या लॅटिनमध्ये तर दोन्ही रीती शेजारी शेजारी होत्या. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं ताठ बसतात. आपण विचित्र नाही, समोरचाच थोडा वेगळा आहे, हे कळल्यावर माणूस शिकायला मोकळा होतो.

पण इथूनच पुढं एक निसरडी वाट जाते. एरिक फ्रॉम यांनी १९७६च्या ‘टू हॅव ऑर टू बी?’ या पुस्तकात म्हटलंय, की पुष्कळ भाषांना ‘हॅव’साठी शब्दच नाही, आणि तो शब्द खाजगी मालमत्तेबरोबर वाढला असावा. हे वाचून आपल्याकडच्या कुणालाही गुदगुल्या होतील: बघा, आमच्या भाषेत मालकीचा हव्यासच नाही! अशा लोकांनी एकदा औसा किंवा लोह्याच्या तहसीलसमोर सोमवारी उभं राहावं. बांधाच्या एका फुटासाठी सख्खे भाऊ वीस वर्षं कोर्टात जातात, आणि दोघंही ‘मला एक भाऊ आहे’ असंच म्हणतात. क्रियापद नाही म्हणून हाव नाही, हे फ्रॉम यांचं अनुमान मला पटत नाही. हव्यास सगळीकडे सारखाच. फरक आहे तो हिशेब ठेवण्याच्या पद्धतीत.

तो हिशेब बघायचा तर सातबारा उघडा. आता तो फोनवर मिळतो. त्यात नावाच्या रकान्याला ‘मालकाचे नाव’ म्हटलेलं नाही, ‘भोगवटादाराचे नाव’ म्हटलंय. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत जमीन धारण करणारा तो भोगवटादार. वर्ग एक असेल तर विकायची मोकळीक, वर्ग दोन असेल तर परवानगी लागते. शेजारी ‘इतर हक्क’, कुळाचं नाव. मराठवाड्यात याच्याखाली आणखी एक थर आहे, कारण १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो: इनामी, मदतमाश अशा जमिनींचे वाद अजून निघतात. हक्क, ताबा, कब्जा, मालक हे सगळे अरबी शब्द, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला संस्कृत भोगवटा, आणि गावानं घडवलेली वहिवाट. प्रत्येक शब्दाचा खटला वेगळा. म्हणून आमच्याकडं माणूस सहज बोलून जातो, ‘रान आमचं, नावावर चुलत्याच्या, अन् कसतो मामा, बटईनं.’ एका दमात तीन वेगळी सत्यं. इंग्रजीत ‘वी हॅव अ फार्म’ म्हटलं की तिन्ही गडप.

बायकांच्या बाबतीत तर व्याकरण आणि सातबारा एकमेकांकडं बघतही नाहीत. ‘माझं माहेर’ यातला ‘माझं’ इतका घट्ट, की तो आयुष्यभर सुटत नाही. वारसा कायद्यात १९९४ला महाराष्ट्रानं (तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरती) आणि २००५ला केंद्रानं दुरुस्ती केली. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मापासूनचा वाटा मिळाला. त्यानंतर आमच्याकडं सगळ्यात जास्त कानावर पडू लागलेला शब्द कोणता? हक्कसोड. वाटा मिळाला, की लगेच सोडायची सही. भावाचं प्रेम आणि माहेरची वाट उघडी राहावी म्हणून. इथं कुठलं क्रियापद लावायचं? तिला हक्क ‘आहे’, तिच्या ‘नावावर’ नाही, तिच्या ‘ताब्यात’ कधीच नव्हता, आणि तरी तो ‘तिनं’ सोडला.

एवढी बारीक यंत्रणा असलेली भाषा आता उलट्या दिशेनं सपाट होते आहे, आणि त्याची सुरुवात खिशातून झालीय. फोन म्हणतो, ‘तुमच्याकडे ३ नवीन सूचना आहेत.’ सूचना येतात. त्या कुणाकडे नसतात. मग रीलवाला म्हणतो, ‘माझ्याकडे एक प्रश्न आहे’. आपण ‘एक विचारू का?’ म्हणायचो. ‘मला वेळ नाही’ची जागा ‘माझ्याकडे वेळ नाही’नं कधी घेतली ते कळलंही नाही. भाषा बदलते, त्याबद्दल गळा काढायची मला सवय नाही. ‘माझ्याकडे आयडिया आहे’ मीही म्हणते. पण ‘कडे’नं ‘ला’ची जागा घेतली, तर उद्या ‘त्याला सहा एकर’ आणि ‘त्याच्याकडं सहा एकर’ यातला फरक ऐकू येईनासा होईल. बटईदाराच्या पोराला तो फरक परवडणारा नाही.

इंग्रजीवर अन्याय नको म्हणून हेही सांगते, की काही ठिकाणी तीच बारीक कातते. आपला ‘चा’ भलताच ढिला आहे: मातीची भिंत, उद्याचा पेपर, पाण्याचा माठ, टेबलाचा पाय, रमाची वही, सगळीकडे एकच. इंग्रजीत भिंतीला काहीच लागत नाही, टेबलाला ‘ऑफ’, रमाला आणि उद्याला अपॉस्ट्रॉफी. यात मुलं चुकतात तेव्हा तो आपल्याच ढिलेपणाचा प्रसाद असतो.

मात्र ‘अवर’पाशी आल्यावर इंग्रजीचे हात पुन्हा रिकामे. मराठीत ‘आमचं’ म्हणजे तुला वगळून, ‘आपलं’ म्हणजे तुला धरून. तेलुगूतही ‘मा’ आणि ‘मन’ अशी हीच जोडी आहे. शिवाय ‘त्यानं आपली वही दिली’ म्हटलं की वही देणाऱ्याचीच. इंग्रजीच्या ‘हिज’मध्ये ती कुणाचीही असू शकते. मराठवाड्याच्या बोलीत याच्याही पुढं जाऊन ‘मपलं’, ‘तुपलं’ आहे: खास माझं, खास तुझं, त्यात भागीदार नाही. या ‘आपलं’ला एक कडवट बाजूही आहे. खोली भाड्यानं घेताना आडनाव ऐकून मालक विचारतो, ‘आपल्यातलेच का?’ तेव्हा सगळ्यांना पोटात घेणारा तो शब्द एकदम दारात उभा राहतो. ‘आर यू अवन ऑफ अस?’ असं इंग्रजीत विचारता येईल, पण नांदेडच्या भाडेकरूला जे ऐकू येतं ते त्यात येणार नाही.

परवा वर्गात मी ते रानाचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि ‘हॅव’ न वापरता इंग्रजीत करायला सांगितलं. एका मुलीनं नेटकं केलं: ‘द लँड इज अवर्स. इट इज इन माय अंकल्स नेम. अनदर अंकल फार्म्स इट ऑन शेअर.’ चुलता आणि मामा दोघंही अंकल झाले म्हणून वर्ग हसला. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, की यातलं ‘अवर्स’ म्हणजे नेमकं कोण कोण. आम्ही ‘अवर्स’ खोडलं आणि नावं घालायला बसलो. इट बिलाँग्स टू माय फादर अँड हिज ब्रदर. त्यानंतर आत्याचं नाव घालायचं का, यावर वर्गाचे दोन गट पडले आणि तास संपला. उरलेलं शुक्रवारी.